अंडी तीन, खाणारे सहा : बटाट्याच्या ऑम्लेटचा शोध नक्की कुणी लावला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या एपिसोडची लिखित प्रत. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.

इतिहासाचा एपिसोड म्हटलं की लढाई, सेनापती, वेढा, राजगादीचं भांडण हे सगळं आलंच. आजही ते सगळं आहे. फक्त मधोमध एक तवा आहे आणि तव्यात बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. स्पेनमध्ये त्याला म्हणतात 'तोर्तिया दे पातातास'. इटलीत साधारण अशाच पदार्थाला 'फ्रिटाटा' म्हणतात. इंस्टावर 'पाच मिनिटांत बटाटा-अंडा फ्रिटाटा' असल्या रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. पाच मिनिटांत होत नाही, ते शेवटी सांगतो. आणि करायचा कसा तेही सांगतो. पण आधी त्याची गोष्ट, कारण या पदार्थाचं श्रेय ज्या माणसाला दिलं जातं आणि कागदपत्रं ज्यांच्याकडे बोट दाखवतात, ती माणसं वेगळी आहेत.

आमच्या कामात एक सोय असते. कोडची कुठलीही ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, हे एका कमांडने कळतं. तिला 'गिट ब्लेम' म्हणतात. स्वयंपाकघरात अशी कमांड नाही. तिथे ज्याचं नाव मोठं, त्याच्या खात्यावर पदार्थ जमा होतो. आजची गोष्ट त्याच खात्याची आहे.

आधी बटाटा कुठून आला ते बघू

अंड्याचं ऑम्लेट जुनं आहे. कोंबडी पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक समाजात अंडी फेटून तव्यावर टाकायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचलीच. स्पेनमध्ये अशा ऑम्लेटला 'तोर्तिया' म्हणत, म्हणजे छोटी 'तोर्ता', छोटी गोल चपटी पोळीसारखी वस्तू. पुढे स्पॅनिश लोक मेक्सिकोत गेले, तिथली मक्याची भाकरी पाहिली आणि तिलाही 'तोर्तिया' म्हणू लागले. म्हणून आज मेक्सिकोत तोर्तिया मागितली तर भाकरी मिळते आणि स्पेनमध्ये मागितली तर ऑम्लेट.

बटाटा मात्र युरोपला पूर्ण नवा. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात, तिथले लोक हजारो वर्षांपासून तो पिकवत होते. १५३२ मध्ये पिझारोने इंका राजाला कैद केलं आणि त्यानंतर चांदीसोबत ही गाठाळ वस्तूही जहाजांतून पूर्वेकडे येऊ लागली. १५६७ मध्ये कॅनरी बेटांवरून अँटवर्पला बटाट्याची पिंपं गेल्याची नोंद आहे. १५७३ मध्ये सेव्हिया शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या हिशेबात बटाटे विकत घेतल्याचा उल्लेख सापडतो. युरोपात बटाटा ताटात आल्याच्या या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. ती राजवाड्यातली नाही, गरिबांच्या दवाखान्यातली आहे हे लक्षात ठेवा.

नावाचीही गंमत ऐका. अँडीजमधल्या केचुआ भाषेत बटाटा म्हणजे 'पापा'. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत रताळं म्हणजे 'बटाटा'. युरोपियनांनी दोघांची सरमिसळ केली. स्पेनमध्ये झालं 'पाताता', पोर्तुगीजमध्ये राहिलं 'बटाटा'. आणि पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, म्हणून हिंदीत 'आलू' असताना मराठीत 'बटाटा'. म्हणजे आपण वडा खाताना जो शब्द उच्चारतो तो कॅरिबियन बेटांवरून लिस्बनमार्गे गोव्याला आणि मुंबईला आलेला आहे, आणि मुळात तो रताळ्याचा आहे. तरीसुद्धा एकादशीला तो आपल्या ताटात हक्काने असतो, आणि कांदा बिचारा बाहेर.

युरोपात मात्र बटाट्याला इतका मान लगेच मिळाला नाही. जमिनीखाली वाढतो, विषारी झाडांच्या कुळातला आहे, बायबलात उल्लेख नाही, अशा नाना शंका. बऱ्याच ठिकाणी तो जनावरांना घालायचा नाहीतर फारच गरिबी असेल तर खायचा. फ्रान्समध्ये पार्मांतिए नावाचा औषधशास्त्रज्ञ होता. युद्धकैदी म्हणून प्रशियात असताना त्याला बटाट्यावर दिवस काढावे लागले. सुटून आल्यावर त्याने बटाट्याचा प्रचार करायचा चंगच बांधला. १७७२ मध्ये पॅरिसच्या वैद्यकीय विद्वानांनी बटाटा खाण्याजोगा असल्याचं मान्य केलं. विचार करा, अमेरिकेत हजारो वर्षं खाल्ली जाणारी वस्तू, आणि युरोपात ती खाण्याजोगी आहे की नाही यावर जवळजवळ दोनशे वर्षं खल.

आता सेनापती

१८३३. स्पेनचा राजा सातवा फर्नांडो वारला. मागे मुलगी इसाबेल, वय पुरतं तीन वर्षंही नाही. राजाचा भाऊ डॉन कार्लोस म्हणाला, मुलीचा हक्क मला मान्य नाही, गादी माझी. झालं, यादवी युद्ध पेटलं. कार्लोसच्या बाजूचे ते कार्लिस्ट. हे पहिलं कार्लिस्ट युद्ध १८४० पर्यंत चाललं. उत्तर स्पेनमध्ये, नावारा आणि बास्क प्रांतांत, कार्लिस्टांचा सेनापती होता तोमास दे सुमालाकारेगी. डोंगराळ मुलूख, अपुरी फौज, तुटपुंजी शस्त्रं, आणि अशात गनिमी काव्याने सरकारी सैन्याला जेरीस आणणारा माणूस. मराठी माणसाला ही व्यक्तिरेखा लगेच ओळखीची वाटेल.

दंतकथा अशी. सुमालाकारेगी मोहिमेवर असताना नावारातल्या एका शेतकऱ्याच्या घरी थांबला. घरात खायला काय? थोडी अंडी, थोडे बटाटे, कांदा. घरच्या बाईने सगळं एकत्र करून तव्यावर टाकलं. सेनापतीला इतकं आवडलं की त्याने ते आपल्या सैन्यासाठी करायला सांगितलं, आणि तिथून तोर्तिया देशभर पसरली. दुसरी आवृत्ती आणखी थेट आहे. बिल्बाओच्या वेढ्यात सैन्याचं पोट भरायला स्वस्त, झटपट, पौष्टिक काहीतरी हवं होतं, म्हणून सेनापतीने स्वतःच हा पदार्थ शोधला.

वेढा खरा आहे. जून १८३५ मध्ये त्याच वेढ्यात सुमालाकारेगीच्या पायाला गोळी लागली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. शूर सेनापती, अकाली मृत्यू, आणि मागे ठेवून गेलेलं ऑम्लेट. अशी गोष्ट पसरणारच. व्हॉट्सॲप नसतानाही पसरली.

दोन्ही आवृत्त्यांमध्ये एक गोष्ट बघा. दुसरीत ती बाई नाहीच. पहिलीत आहे, पण तिला नाव नाही. पदार्थ तिने केला, श्रेय खाणाऱ्याला मिळालं.

आणि आता कागद

दंतकथेला अडचण आहे ती एका कागदाची. साल १८१७. म्हणजे बिल्बाओच्या वेढ्याच्या १८ वर्षं आधी. तेव्हा सुमालाकारेगी २८ वर्षांचा होता आणि त्याचं नाव व्हायला अजून बराच अवकाश होता.

नावारा तेव्हा स्पेनच्या राजाच्याच छत्राखाली, पण स्वतःची 'कोर्तेस', म्हणजे प्रतिनिधीसभा असलेलं राज्य. तिला उद्देशून कुणीतरी एक निनावी अर्ज लिहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर सूचनापेटीत टाकलेली तक्रार. १८०८ ते १८१४ या काळात स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी युद्ध झालं होतं आणि नावारा त्यात पार भरडून निघाला होता. अर्जात गरीब शेतकऱ्यांची दैना आहे. काय खातात, काय नेसतात, कसे जगतात. शहरातल्या सुखवस्तू लोकांनी जरा इकडे बघावं, असा सूर.

आणि त्या रडगाण्यात सहज एक वाक्य येऊन जातं. त्याचा मतलब असा : आमच्याकडे पाच-सहा माणसांत दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट असतं, कारण आमच्या बायकांना थोड्या अंड्यांत मोठं आणि जाड ऑम्लेट करता येतं. त्यात बटाटे, पावाचे तुकडे, नाहीतर आणखी काही मिसळतात.

होसे मारिया इरीबारेन या नावारातल्या लेखकाने १९५६ मध्ये या अर्जावर लेख लिहून तो लोकांसमोर आणला. तोवर तो दप्तरात पडून होता.

मला या कागदातली सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट म्हणजे, लिहिणाऱ्याला पाककृती सांगायचीच नव्हती. त्याला गरिबी सांगायची होती. ऑम्लेट हा त्याचा पुरावा होता. बघा, आमची अवस्था इतकी वाईट आहे की सहा जणांत तीन अंडी पुरवावी लागतात! आज तोच पदार्थ स्पेनची ओळख म्हणून माद्रिदच्या प्रत्येक बारमध्ये काउंटरवर काचेखाली मानाने बसलेला असतो.

दुसरी गोष्ट. अर्जात हे नवलाचं म्हणून आलेलं नाही. 'आमच्या बायका करतात' हे वाक्य नेहमीच्या सवयीबद्दल बोलताना येतं. म्हणजे १८१७ मध्ये तो शोध नव्हता, रोजचा स्वयंपाक होता. शोध त्याच्या आधीच कधीतरी लागला होता, आणि बहुधा एकदाच लागला नव्हता. अनेक घरांत, अनेक चुलींवर, अंडी कमी आणि तोंडं जास्त असताना.

गावागावांत भांडण

पण एवढ्यावर मिटलं तर तो इतिहास कसला. २००८ मध्ये हाविएर लोपेस लिनाखे या संशोधकाने स्पेनमधल्या बटाट्यावर एक पुस्तक लिहिलं आणि तोर्तियाची तारीख आणखी मागे नेली : १७९८. गाव, नावारापासून खूप दूर, पोर्तुगालच्या सीमेला लागून असलेल्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातलं बियानुएवा दे ला सेरेना. त्या काळी स्पेनमध्ये एक साप्ताहिक निघत असे, शेती आणि हस्तोद्योग यांवरचं, खास गावोगावच्या पाद्र्यांसाठी. कल्पना अशी की शेतकऱ्याला वाचता येत नाही, पाद्र्याला येतं. तेव्हा पाद्र्याने वाचावं आणि गावाला सांगावं. आपला हा पॉडकास्ट म्हणजे साधारण तेच काम, फक्त झगा नाही.

त्या साप्ताहिकाच्या पानांवर या गावातले बटाट्याचे प्रयोग आले होते. तिथल्या दोन प्रतिष्ठित मंडळींना भुकेवर उपाय म्हणून बटाट्यापासून स्वस्त पाव बनवायचा होता. त्या खटपटीतून तोर्तियाची सुरुवात झाली, असं लोपेस लिनाखे यांचं म्हणणं. ते वर्णन म्हणजे खरंच आजची तोर्तिया का, यावर वाद होतो. गाव मात्र आता तोर्तियाची जन्मभूमी म्हणून मिरवतं.

मला स्वतःला १८१७ चा अर्ज जास्त पटतो, कारण त्यात पदार्थ, प्रमाण, करणाऱ्या आणि कारण, चारही गोष्टी स्पष्ट आहेत. पण १७९८ च्या प्रयत्नात एक महत्त्वाचा धागा आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच : बटाट्याने पोट भरायचं कसं?

तीन अंडी सहा जणांना कशी पुरतात?

आता थोडं विज्ञान. पार्मांतिएपासून सगळे बटाट्याचा पाव करायच्या मागे होते, कारण युरोपात जेवण म्हणजे पाव. पण बटाट्यात गव्हासारखं ग्लूटेन नसतं. ग्लूटेनचं लवचीक जाळं असतं म्हणून पाव फुगतो आणि एकसंध राहतो. नुसत्या बटाट्याचा गोळा फुगत नाही. भाजला तर भुसभुशीत होतो, नाहीतर चिकट.

अंडं हे जाळं पुरवतं. अंड्यातली प्रथिनं साधारण ६० ते ८० अंश सेल्सियसच्या दरम्यान उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. त्या गुंत्यात मध्ये जे काही सापडेल ते अडकून बसतं. बटाट्याच्या काचऱ्या असोत, पावाचा चुरा असो. म्हणजे पोट भरण्याचं काम बटाट्याचं आणि अंड्याचं काम सिमेंटचं. आणि सिमेंट थोडंच लागतं.

हिशेब करू. एका अंड्याचं वजन टरफल काढून साधारण ५० ग्रॅम, प्रथिनं सुमारे ६ ग्रॅम. तीन अंडी म्हणजे १५० ग्रॅम. सहा जणांत वाटली तर प्रत्येकी २५ ग्रॅम, म्हणजे दोन घास. पण त्यात अर्धा-पाऊण किलो बटाटा घाला, कालच्या पावाचा चुरा घाला, की प्रत्येकाच्या ताटात हाताच्या तळव्याएवढा जाड तुकडा येतो. वर चव अंड्याची लागते, कारण अंडं सगळीकडे पसरलेलं असतं. मुलाला वाटतं आज अंडं मिळालं. प्रथिनं तेवढीच, वाट्याला ३ ग्रॅम. ती काही वाढत नाहीत. पण भूक भागते आणि ताट रिकामं दिसत नाही.

याला आम्ही ऑप्टिमायझेशन म्हणू आणि त्यावर प्रेझेंटेशन करू. त्या बायकांनी ते चुलीपुढे, धुरात, पोरं रडत असताना केलं. आणि त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही.

ही युक्ती एकट्या स्पेनची नाही. नेपल्समध्ये उरलेल्या पास्त्यात अंडी घालून फ्रिटाटा करतात. इराणमध्ये 'कूकू' नावाचा जाड अंड्याचा पदार्थ आहे, त्यात बटाट्याचाही प्रकार आहे. आणि आपल्या मुंबईत पारशी घरांत 'पापेता पर ईडू' : खाली कांदा-मिरची-कोथिंबीर घालून परतलेले बटाटे, त्यात खळगे करून वर अंडी फोडायची, झाकण ठेवायचं. हे सगळे पदार्थ एकमेकांपासून निघाले असं मी म्हणत नाही. अडचण सारखी असली की उत्तरंही सारखी निघतात, एवढंच.

आपल्या घरात तरी दुसरं काय असतं? अंड्याचा रस्सा आठवा. त्यात बटाट्याच्या मोठ्या फोडी कशासाठी असतात? अनेक घरांत प्रत्येकाला अर्धं अंडं आणि दोन फोडी, असा हिशेब असायचा. भुर्जीत कांदा अंड्याच्या दुप्पट का असतो? चव हे एक कारण. दुसरं कारण आईला विचारा.

जेव्हा अंडंही नव्हतं आणि बटाटाही

आता या गोष्टीतला सगळ्यात कठीण भाग. १९३६ ते १९३९ स्पेनमध्ये यादवी युद्ध झालं. फ्रँको जिंकला, युद्ध संपलं, पण भूक संपली नाही. रेशनकार्डं १९३९ मध्ये आली ती १९५२ पर्यंत राहिली. स्पेनमधली म्हातारी माणसं चाळीसच्या दशकाला अजूनही 'भुकेची वर्षं' म्हणतात.

त्या काळात इग्नासी दोमेनेक नावाचा नामवंत कॅटलान आचारी होता. मोठमोठ्या घरांत स्वयंपाक केलेला, पाककलेवर अनेक पुस्तकं लिहिलेला. त्याने १९४१ मध्ये टंचाईच्या स्वयंपाकावर एक पुस्तक काढलं. त्यात एक कृती आहे : अंड्याशिवाय आणि बटाट्याशिवाय बटाट्याची तोर्तिया.

हसू नका, कृती खरी आहे. संत्र्याच्या सालीचा केशरी भाग काढून टाकायचा. आतला पांढरा जाड पापुद्रा भिजवून, तुकडे करून बटाट्याच्या जागी घ्यायचा. अंड्याच्या जागी पीठ, पाणी, थोडा सोडा, रंग आणि मीठ यांचं मिश्रण. मग तव्यावर टाकायचं, उलटायचं, गोल आकार आणायचा. दिसायला तोर्तिया.

माणूस इतक्या थराला का जातो? नुसतं पोट भरायचं असतं तर साली कशाही शिजवून खाता आल्या असत्या. ताटात तोर्तिया दिसायला हवी होती, कारण तोर्तिया म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या पदार्थाला कुणीतरी गरिबीचा पुरावा म्हणून अर्जात घातलं, त्याचीच लोकांना आता चैन म्हणून आठवण येत होती. स्पॅनिशमध्ये 'तोर्तिया उलटली' असा वाक्प्रचार आहे. आपण म्हणतो तसा डाव उलटला, पारडं फिरलं. इथे तोर्तियाच अशी उलटली होती.

आपल्याकडे अंड्याशिवायचं ऑम्लेट म्हटलं की टोमॅटो ऑम्लेट डोळ्यांसमोर येतं. बेसन, टोमॅटो, कांदा, मिरची. नाव ऑम्लेट, अंड्याचा पत्ता नाही. तिथे कारण शाकाहार आहे. दोमेनेकच्या पुस्तकात कारण भूक आहे. तवा दोघांचा सारखाच, पण गोष्ट सारखी नाही.

आज काय भांडण आहे?

आज स्पेनमध्ये भूक नाही, त्यामुळे वाद कांद्यावर आहे. तोर्तियात कांदा घालावा की घालू नये? दोन पक्ष आहेत, दोघांना वेगळी नावं आहेत, आणि दोघेही साबुदाणा खिचडीत कोथिंबीर घालावी की नाही यावर भांडणाऱ्या आपल्या लोकांइतकेच गंभीर आहेत. गालिसियातल्या बेतान्सोस गावची तोर्तिया आतून जवळजवळ वाहणारी असते, तर काहींना ती सुरीने कापली तरी तुकडा हलू नये इतकी घट्ट लागते. जगप्रसिद्ध शेफ फेरान आद्रियाने तर बटाटे तळण्याऐवजी पाकिटातले बटाटा वेफर्स फेटलेल्या अंड्यांत भिजवून तोर्तिया करून दाखवली. हॉस्टेलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. वेफर्स साधे मिठाचे घ्या, मसाल्याचे नको, आणि वरून मीठ घालू नका.

करून बघा : नावारातल्या हिशेबाची तोर्तिया

आता कृती. साहित्य मुद्दाम त्या अर्जातल्या हिशेबाचं घेतलं आहे. ३ अंडी, ४०० ग्रॅम बटाटे म्हणजे मध्यम आकाराचे तीन-चार, कालचा एक पाव, हवा असेल तर एक कांदा, पाव वाटी तेल, मीठ. साधारण २० सेंटिमीटरचा नॉनस्टिक पॅन, नाहीतर चांगला मुरलेला बिडाचा तवा. बाजूने काठ असलेला हवा.

बटाटे सोलून काचऱ्या करा, भाजीला करतो तशाच पातळ. तेल तापवा, काचऱ्या आणि कांदा टाका, मीठ घाला, झाकण ठेवा आणि आच मंद करा. १२ ते १५ मिनिटं लागतील. अधूनमधून हलवा. बटाटे कुरकुरीत करायचे नाहीत, मऊ करायचे आहेत. उलथन्याने दाबल्यावर फोड मोडली पाहिजे. रीलमधली पाच मिनिटं इथेच संपतात.

तोवर अंडी फेटा. पावाचा चुरा दोन चमचे दुधात किंवा पाण्यात भिजवून त्यात घाला. शिजलेले बटाटे जास्तीचं तेल निथळून गरम असतानाच अंड्यात टाका आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. ही पायरी गाळू नका. बटाटा अंडं शोषून घेतो, मिश्रण दाट होतं आणि कापताना तुकडा सुटत नाही.

पॅनमध्ये चमचाभर तेल राहू द्या, मिश्रण ओता, मंद आचेवर पाचेक मिनिटं. कडा सुटल्या, पॅन हलवल्यावर सगळं एकत्र सरकलं, की पॅनपेक्षा मोठी ताटली वर पालथी धरा, एक हात ताटलीवर, एक दांड्यावर, आणि न घाबरता झटक्यात उलटा. मग ताटलीतून परत पॅनमध्ये सरकवा, आणखी तीन-चार मिनिटं. सिंकवर करा म्हणजे काही सांडलं तर ओट्यावर पसरणार नाही. ही झाली स्पॅनिश पद्धत.

उलटायचा धीर होत नसेल तर फ्रिटाटाच्या वाटेने जा. उलटू नका, झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफेवर होऊ द्या. मध्ये सुरी खुपसून बघा, कोरडी आली की झालं. अंडं कच्चं ठेवू नका, बेतान्सोसच्या लोकांना काय करायचं ते करू द्या.

लगेच कापू नका. कोमट झाल्यावर सहा तुकडे करा. सकाळी केलेली डब्यात दुपारी आणखी छान लागते. मिरची-कोथिंबीर घातली तर स्पेनमधलं कुणी बघायला येत नाही.

आणि एक काम. अंडी फेटत असताना घरात आई, आजी, मावशी, जी कुणी असेल तिला विचारा की पाहुणे अचानक आले आणि घरात कमी सामान असलं, तर ती काय करायची? कशात काय मिसळायची? मग फोनचा रेकॉर्डर चालू करा. त्यात तिचं नाव, गाव आणि साल तिच्याच आवाजात येऊ द्या. नावारातल्या त्या बायकांबद्दल आपल्याला जे कळलं ते एका तक्रारअर्जातल्या एका वाक्यामुळे. आपल्या खिशात तर रेकॉर्डर आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कांदा घालायचा की नाही ते कमेंटमध्ये भांडा.